वाट देणे

रात्रपाळीला फार्मसीत आम्ही चौघं असतो,
आणि पाचवी डोरीन.
डोरीन म्हणजे कमरेएवढं कपाट, खाली चाकं,
कपाळावर निळा दिवा.
कँटीनमधून निवृत्त झालेल्या एका बाईचं नाव
कुणीतरी मार्करने तिच्या पाठीवर लिहिलं,
तेच राहिलं.

पहिल्याच आठवड्यात लिफ्टमध्ये
माझा पाय लागला तिला.
हात आपोआप खाली गेला, मग छातीशी.
नशीब, दुसरं कोणी नव्हतं.
ती म्हणाली, "सॉरी."
संडरलँडच हे. धक्का कुणाचाही असो,
सॉरी आधी ज्याला लागला तो म्हणतो.
तेवढं ती शिकून आली होती.

आणखीही बरंच येतं तिला.
दारात थांबते, आधी तुम्ही.
मीही थांबते, आधी तू.
असं करत दोघींनी एकदा लिफ्ट घालवली.
वॉर्ड अकरातल्या मिसेस थर्लवेलना झोप नाही,
त्या वॉकर टेकत कॉरिडॉर मोजतात;
डोरीन त्यांना ओलांडून जात नाही,
तीन हात मागून, त्यांच्याच चालीने,
लग्नघरात थकलेल्या आत्यामागून
ताट घेऊन चालावं तशी.

मग फेब्रुवारीत ते झालं.
समुद्रावरून धुकं आलेलं, खिडक्या पांढऱ्या.
केनी आणि नवा पोरगा 'ती' ट्रॉली घेऊन आले.
रिकामी दिसावी अशीच बनवलेली असते ती:
वर ताणलेली चादर, खाली पोकळी,
पोकळीत माणूस.
आम्ही भिंतीला लागलो.
फरशी पुसणाऱ्या बाईने मशीन बंद केलं.
आणि डोरीन मधोमध, तिच्या त्या गोड आवाजात:
"कृपया वाट द्या. माझ्याकडे औषधं आहेत."
तीनदा.

केनी आडदांड. आजा-पणजा गोदीत जहाजं बांधणारे.
बोलला काहीच नाही.
तिच्या माथ्यावर पंजा ठेवला, हळूच बाजूला सारलं,
मयताच्या घरी दारात खेळणारं पोर
कुणीतरी न रागावता उचलून आत नेतं, तसं.

मी तक्रार नाही केली. लिहिलं फक्त, शिकवायला हवं.
लीड्सहून ग्वेन आली, मांडीवर लॅपटॉप.
"ओळखायचं कसं? रिकामीसारखीच दिसते ना?"
खरंच होतं.
मी म्हटलं, केनी शीळ घालत नाही तेव्हा.
एरवी रात्रभर घालतो.
"आणखी?"
दोघं असतात. घाई नसते.
उंबरठ्याच्या पट्टीवर चाकं जपून चढवतात,
आतल्याची झोपमोड होईल जणू.
ग्वेन टाइप करत होती.
माझ्या वडिलांना नेलं तेव्हा मी इथेच होते, ड्यूटीवर.
गल्लीत कोण कोण बाजूला झालं,
कुणाची स्कूटर थांबली,
मला कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
ते काही तिला टाइप करायला दिलं नाही.

आता डोरीन थांबते.
दोन माणसं, मंद चाल, शीळ नाही:
भिंतीला लागते, दिवा अर्ध्यावर आणते.

परवा पहाटे केनी आणि पोरगा
धुण्याच्या चादरी नेत होते.
ट्रॉलीचं एक चाक मोडलेलं, म्हणून हळू.
केनीच्या तोंडात बिस्कीट, म्हणून शीळ नाही.
डोरीन भिंतीला लागली.
दिवा मंद.
पोरगा फिस्सकन हसला.
"अगं, चादरी आहेत नुसत्या," केनी म्हणाला.
ती हलली नाही.
वॉर्ड अकराच्या होत्या चादरी.
केनीने बिस्कीट गिळलं,
मोडक्या चाकाची बाजू हाताने उचलून धरली
आणि तसाच, सावकाश, तिच्यासमोरून गेला.
माझ्या हातात गोळ्यांचा ट्रे होता,
पाठीला भिंत लागली तेव्हा कळलं,
मीही सरकले होते.

शीळ त्याने लिफ्टचं दार मिटल्यावर सुरू केली.
तळघरात उतरेपर्यंत ऐकू येत होती.